देवापुढें नीतिमान कोण ? कार्डिनल कोंतारिनी यांच्या चरित्रांतील बोध

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामांत हिशेब होतात. देवळास किती वर्षें झालीं, किती स्नानसंस्कार झाले, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं बांधविली, याची मोजदाद होते व ती योग्यच आहे. परंतु एक हिशेब प्रत्येक ख्रिस्ती जीवास एकांतांत करावा लागतो : माझीं पापें एका पारड्यांत व माझें पुण्य दुसऱ्या पारड्यांत घातलें, तर देवापुढें मी नीतिमान ठरेन काय ? सोळाव्या शतकांत याच प्रश्नानें सारा युरोप हालला. मार्टिन लूथर यांचें नांव त्या संबंधांत सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्याच जन्मसालीं, म्हणजे १४८३ सालीं, जन्मलेल्या एका कॅथलिक गृहस्थासही या प्रश्नानें व्याकूळ केलें होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. ते गृहस्थ म्हणजे व्हेनिसचे गास्पारो कोंतारिनी होत.

त्यांचे जिवलग मित्र पाओलो जुस्तिनियानी हे १५१० सालीं संसार त्यागून कामाल्दोलीच्या मठांत गेले. कोंतारिनी शहरांतच राहिले. पण त्यांच्या मनास घोर लागला. असा सज्जन पुरुष पापक्षालनार्थ इतकें कठोर तप करितो, तर माझ्यासारख्याची गति काय ? अशा अवस्थेंत १५११ सालच्या पवित्र शनिवारीं ते कुमसारास गेले. तेथें एका साधुवृत्तीच्या धर्मगुरूशीं त्यांचें बोलणें झालें, आणि त्यांस उमज पडला कीं, आपण जन्मभर प्रायश्चित्त केलें तरी तें मागील पापांच्या भरपाईस पुरणार नाहीं. ती भरपाई ख्रिस्तानें आपल्या दुःखसहनानें आधींच केली आहे. आपण श्रद्धा, आशा व प्रीति यांच्या योगें त्याच्याशीं जडून राहावें, हेंच आपलें काम. ही गोष्ट त्यांनीं मित्रास पत्रानें कळविली. लूथर यांचें नांव जगापुढें येण्यास तेव्हां सहा वर्षें अवकाश होता. हीं पत्रें पुढें शतकानुशतकें मठाच्या संग्रहांत पडून राहिलीं. इतिहासकार ह्यूबर्ट येदिन यांनीं तीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलीं.

असा अनुभव घेतलेला हा पुरुष मठांत गेला नाहीं. त्यानें व्हेनिसचा वकील म्हणून राजदरबारीं सेवा केली, आणि १५३५ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं या प्रापंचिक गृहस्थास कार्डिनल केलें. येशूसंघास १५४० सालीं पोपमहाशयांची मान्यता मिळाली, तिच्यासाठीं कोंतारिनी यांनीं रदबदली केली होती. त्याच संघाचे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले व पुढें वसईसही आले. तेव्हां आपल्या प्रांतावरही या पुरुषाचें ऋण आहे.

१५४१ सालीं जर्मनींतील रेगेन्सबर्ग येथें उभय पक्षांचे पंडित समेटासाठीं जमले. पोपमहाशयांचे प्रतिनिधि कोंतारिनी हेच होते. मे महिन्याच्या आरंभीं, नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर, चमत्कार वाटावा असें एकमत झालें : मनुष्य जिवंत श्रद्धेनें नीतिमान ठरतो, आणि ती श्रद्धा प्रीतीच्या द्वारें कार्य करिते. परंतु पुढें पवित्र साक्रामेंताचा व ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा विषय निघतांच बोलणें फिसकटलें. झालेलें एकमतही रोमनें स्वीकारिलें नाहीं व लूथर यांनाही तें रुचलें नाहीं. स्वकीयांकडूनच संशयित ठरलेले कोंतारिनी १५४२ सालीं बोलोन्या येथें निवर्तले.

त्यांच्यामागून त्रेंतच्या धर्मपरिषदेनें सुमारें सात महिने खल करून १३ जानेवारी १५४७ रोजीं या विषयावरील निर्णय प्रसिद्ध केला. त्यांत १६ प्रकरणें व ३३ नियम आहेत. त्यांपैकीं पहिलाच नियम कोणावर आहे ? देवकृपेवांचून, केवळ स्वतःच्या कृत्यांनीं मनुष्य नीतिमान ठरूं शकतो, असें म्हणणारावर ! श्रद्धा ही तारणाचा आरंभ, पाया व मूळ होय, आणि त्या कृपेपूर्वींचें आपलें कोणतेंही कृत्य ती मिळवूं शकत नाहीं, असें परिषदेनें शिकविलें. मात्र ती श्रद्धा आशा व प्रीति यांवांचून निष्फळ राहते, आणि मनुष्यानें कृपेस अनुमति देऊन तिच्याबरोबर चालावें लागतें, हेंही तिनें तितक्याच निक्षून सांगितलें.

पुढें साडेचार शतकें परस्परांवरील दोषारोप कायम राहिले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें कॅथलिक ख्रिस्तसभा व जागतिक लूथरन संघ यांनीं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळें नव्हे, तर केवळ कृपेनें, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेच्या योगें देव आपणांस स्वीकारितो, आणि पवित्र आत्मा आपणांस सत्कर्मांसाठीं सिद्ध करितो, हें दोघांनीं मिळून कबूल केलें. सर्व मतभेद मिटले असें नव्हे. पण रेगेन्सबर्गला हातचा निसटलेला धागा पुन्हां हातीं आला.

वाचकहो, यांत आपल्यासाठीं बोध आहे. नवस फेडतांना, देवळास देणगी देतांना, उपवासकाळांत तप करितांना आपण देवाशीं सौदा करीत नाहीं. झाड फळ देतें तें जिवंत आहे म्हणून. फळें बांधून वाळलेलें झाड जिवंत होत नाहीं. आपलीं सत्कर्में हीं कृपेचीं फळें होत, तिची किंमत नव्हे. ज्यास हें समजलें तो देणग्यांच्या यादींत आपलें नांव कितवें आहे हें पाहत नाहीं, आणि ज्याच्यापाशीं देण्यास कांहींच नाहीं तोही वेदीजवळ येण्यास कचरत नाहीं. ख्रिस्तानें आपलें देणें फेडलें आहे. आतां ऋणी मनानें त्याचें व शेजाऱ्याचें काम करूं या.