सातपुड्यातील आरसे आणि गॅमा किरण

मुंबईहून निघालेली जबलपूरची गाडी भुसावळ, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी असे करीत पिपरियाला पोचते. तेथून सातपुडा चढून गेले की पचमढी. आम्हा खानदेशवासीयांना हे थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. पण तेथे गॅमा किरणांचे वेध घेतले जात, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

गॅमा किरण हा प्रकाशच, पण प्रचंड ऊर्जेचा. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट; पचमढीत शोधले जाणारे फोटॉन लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातले. मात्र असा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. वातावरणात शिरताच त्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनते, जोडीतून नवे गॅमा किरण, त्यांतून पुन्हा जोड्या. या वर्षावाचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. वर्षावातील कण हवेतल्या प्रकाशाहून वेगाने धावतात, तेव्हा निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश उमटतो; तो टिकतो अवघे काही अब्जांश सेकंद. (प्रकाशाहून वेगवान काही नसते ना, असे मुले हमखास विचारतात. तो नियम निर्वातातील वेगाचा.) १९५३ साली इंग्लंडमध्ये गॅलब्रेथ आणि जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात आरसा बसवून हा प्रकाश टिपला. इतके साधे उपकरण आम्हाला तरी फार आवडते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे काम प्रथम उटीला केले, पुढे पचमढीला. खरी पंचाईत होती ओळख पटवण्याची. विश्वकिरणांतील प्रोटॉनही असेच वर्षाव पाडतात, आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जगभर झालेले अनेक दावे पुढे टिकले नाहीत. १९८९ साली अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेने १० मीटरच्या दुर्बिणीने वर्षावांच्या प्रतिमा घेतल्या, त्यांच्या आकारावरून प्रोटॉनचे वर्षाव वगळले आणि क्रॅब तेजोमेघाचे गॅमा किरण निःसंशय दाखवले.

पचमढीची वाट निराळी होती. तेथे २५ दुर्बिणी पसरून मांडल्या होत्या, प्रत्येकीत सात आरसे. प्रकाशाचा झोत कोणत्या दुर्बिणीवर किती अब्जांश सेकंद आधी पोचला, यावरून वर्षावाची दिशा काढीत. प्रोटॉन चहूकडून येतात, गॅमा किरण थेट उगमाकडून.

हे वेध निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्रीच घेता येतात. शिवाय निरीक्षक जितका उंचावर, तितके कमी ऊर्जेचे किरणही हाती लागतात. म्हणून पुढची मांडणी लडाखमध्ये हानले येथे, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर झाली. तेथेच २०२४ साली २१ मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन झाले. ती व्हिपलप्रमाणे प्रतिमा घेते.