मालकी, परवाना आणि चांदणे : एका ॲपचा इतिहास

इ.स. २०२३ची सुरुवात संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी वाईट ठरली. १८ जानेवारीला गूगलने ‘स्टेडिया’ ही आपली गेम-सेवा जगभरात बंद केली. पाठोपाठ फेब्रुवारीत एनव्हिडिया कंपनीने ‘शील्ड’ या आपल्या उपकरणांवरून ‘गेमस्ट्रीम’ ही सोय काढून घ्यायला सुरुवात केली. त्याची घोषणा डिसेंबर २०२२मध्येच झाली होती. सोय गेली तीही अपडेटच्या वाटेने. अपडेट म्हणजे काहीतरी नवे मिळणार, अशी आपली समजूत असते. या अपडेटने मात्र आहे ते नेले.

या गेमस्ट्रीमच्या आधारावर ‘मूनलाइट’ नावाचे एक मोफत अँड्रॉइड ॲप उभे होते. ज्या खांबावर घर उभे आहे तोच काढला, तर घर पडायला हवे. पण मूनलाइट पडले नाही. ते आजही चालू आहे आणि त्याच्यापासून नव्या शाखा फुटल्या आहेत. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास.

मी कोल्हापुरात उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. परंतु आमची मुले दिवसातले कितीतरी तास ज्या जगात वावरतात, त्या जगालाही इतिहास असतो. तो राजे-रजवाड्यांच्या इतिहासाइतकाच सत्ता, मालकी आणि हक्क यांचा असतो. म्हणून भाषेच्या शिक्षकालाही त्यात पाहण्यासारखे बरेच आहे.

खेळ तिकडे, पडदा इकडे

आधी हे ॲप करते काय, ते पाहू. मोठे गेम चालवायला महागडे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो. हातातल्या मोबाइलला किंवा बटणे जोडलेल्या छोट्या हँडहेल्ड यंत्राला ते झेपत नाही. मग युक्ती अशी की, खेळ घरातल्या संगणकावर चालवायचा आणि त्याचे चित्र वाय-फायवरून हातातल्या पडद्यावर आणायचे. तुम्ही इथे बटण दाबता, ते तिकडे संगणकाला कळते. संगणक पुढचे चित्र तयार करून पाठवतो.

ऐकायला सोपे वाटते. पण १९२० बाय १०८० ठिपक्यांची ६० चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी पाठवायची, तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट वाहून न्यावे लागतील. घरातल्या साध्या वाय-फायला ते शक्य नाही. म्हणून चित्र दाबून लहान केले जाते. एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ ही त्या दाबण्याच्या पद्धतींची नावे. तेच चित्र मग सेकंदाला २ कोटी बिटांत, म्हणजे साधारण दीडशे पटीने कमी जागेत बसते. दोन चित्रांमध्ये जेमतेम १७ मिलिसेकंदांचे अंतर असते. पापणी लवायलाही किमान १०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात अशी सहा चित्रे येऊन गेलेली असतात.

वाटेत माहितीचे काही तुकडे हरवतात. ते पुन्हा मागवायला वेळ नसतो. म्हणून मूनलाइट रीड-सॉलोमन नावाची गणिती पद्धत वापरते. थोडी जास्तीची माहिती सोबतच पाठवायची, म्हणजे हरवलेला तुकडा उरलेल्यांवरून पुन्हा तयार करता येतो. ही पद्धत १९६०ची आहे. चहाच्या गाड्यावरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला किंवा चहाने डागाळलेला असला, तरी मोबाइल तो वाचतो. त्यामागेही हेच गणित आहे.

दूरच्या मोठ्या यंत्राकडून काम करून घेण्याची कल्पना आपल्याकडेही जुनीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४मध्ये सीडीसी-३६०० हा मोठा संगणक आला. दुसऱ्या संस्थांमधले संशोधकही त्यावर आपली गणिते करून घेत. यंत्र एका ठिकाणी, गरजू भलतीकडेच. फरक एवढाच की, तेव्हा छिद्रे पाडलेली कार्डे देऊन उत्तराची वाट पाहावी लागे. आता वाट पाहण्याचा काळ मिलिसेकंदांत मोजतात.

बंद पेटी उघडणारे विद्यार्थी

एनव्हिडियाने जुलै २०१३च्या अखेरीस ‘शील्ड’ हे पाच इंची पडद्याचे अँड्रॉइड यंत्र बाजारात आणले. संगणकातला गेम हातात आणून देणारी गेमस्ट्रीम ही त्याची मोठी जाहिरात होती. अट मात्र दुहेरी होती. संगणकात कार्ड एनव्हिडियाचे हवे आणि हातात यंत्रही एनव्हिडियाचेच हवे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी ‘एमहॅक्स’ या मिशिगनमधल्या स्पर्धेत एक प्रकल्प हाती घेतला. संगणक आणि शील्ड एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, ती समजून घ्यायची आणि कोणत्याही अँड्रॉइड फोनला शिकवायची. त्या भाषेचे व्याकरण कंपनीने खुले केलेले नव्हते. येणारे-जाणारे संदेश पाहून पोरांनी ते ताडले. ॲप तयार झाले. त्याचे पहिले नाव ‘लाइमलाइट’, पुढे ते ‘मूनलाइट’ झाले.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. शंभर वर्षांपूर्वी आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा तयार केला. परदेशातून आलेले यंत्र वापरायचे एवढ्यावर समाधान न मानता ते आतून समजून घ्यायचे, हा त्यांचा हट्ट होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पडद्यावर आला, तो या हट्टातून. शिकलेल्या अभियंत्याचे ते काम नव्हते. पडदे रंगवणाऱ्या कारागिराचे होते. लाइमलाइटची मुले काय आणि बाबूराव काय, बंद पेटीसमोर दोघांनी एकच प्रश्न विचारला : आत काय आहे?

इस्लाह

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मूनलाइटला असंख्य अपडेट मिळाले. आधी चित्र दाबण्याची नवी पद्धत एचईव्हीसी आली, नंतर एव्ही१. रंग अधिक खोल दिसावेत म्हणून एचडीआर आले. एकाच वेळी अनेक कंट्रोलर जोडता येऊ लागले. बंद ठेवलेला संगणक दुसऱ्या खोलीतून जागा करण्याची सोय झाली. रेट्रॉइड पॉकेट, आयन ओडिन अशी बटणे जोडलेली अँड्रॉइड हँडहेल्ड यंत्रे बाजारात आली, तेव्हा त्यांच्यासाठी हे ॲप तयारच होते. यातली कोणतीही दुरुस्ती विकत घ्यावी लागली नाही.

उर्दू शायरीत ‘इस्लाह’ नावाची परंपरा आहे. शागिर्द आपली गझल उस्तादाकडे पाठवतो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ सावरतो आणि कागद परत करतो. मिर्झा गालिब दिल्लीत बसून पत्रांतून हे काम करत. हरगोपाल ‘तफ्ता’ हे त्यांचे लाडके शागिर्द. त्या पत्रांमध्ये घरगुती गप्पांच्या शेजारी शब्दांची चिकित्सा असते. इस्लाहनंतरही गझल शागिर्दाचीच राहते, तखल्लुसही त्याचाच राहतो. उस्ताद गझल चांगली करतो, ती ताब्यात घेत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती याच जातीची आहे. कुणी पूर्वी कधी न भेटलेला माणूस चूक दाखवतो, दुसरा सुधारलेली ओळ पाठवतो. मूळ काम सांभाळणारे ती तपासून आत घेतात. कोणती ओळ कुणी, कोणत्या तारखेला बदलली, याची नोंद राहते.

परवान्याची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेमस्ट्रीम गेले, तरी मूनलाइट का राहिले?

कारण संगणकाकडची बाजूही लोकांनी आधीच लिहून ठेवली होती. ‘सनशाइन’ नावाचा हा प्रोग्राम मूनलाइटला कळेल अशाच भाषेत खेळ पाठवतो. ‘लिझार्डबाइट’ या गटाने त्याचे काम पुढे चालवले. त्याला एनव्हिडियाचेच कार्ड लागते असे नाही. एएमडी आणि इंटेलही चालते. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तो बसवता येतो. म्हणजे कंपनीने सोय काढून घेतली तेव्हा लोकांकडे पर्याय होता, आणि तो मूळ सोयीपेक्षा मोकळा होता. चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो. इथे चंद्र आधी आला आणि त्याच्यासाठी सूर्य मागाहून घडवला गेला! पुढे सनशाइनपासून ‘अपोलो’ आणि मूनलाइटपासून ‘आर्टेमिस’ अशा शाखा निघाल्या. ग्रीक पुराणात ही भावा-बहिणीची जोडी आहे.

हे सारे शक्य झाले ते एका कागदामुळे. मूनलाइट आणि सनशाइन दोन्ही ‘जीपीएल’ या परवान्याखाली आहेत. त्याचा आशय थोडक्यात असा : हा प्रोग्राम कुणीही वापरावा, वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर त्यालाही हेच हक्क द्यावे लागतील.

आपले शब्द इथे पाहण्यासारखे आहेत. ‘मालक’, ‘हक्क’, ‘वारस’ हे मराठीत अरबीतून आले, ‘परवाना’ आणि ‘दुरुस्ती’ फारसीतून. परवाना म्हणजे मुळात दरबाराने दिलेला हुकूम किंवा परवानगीचा कागद. जो देतो तो परतही घेऊ शकतो. (उर्दू शायरीत परवाना म्हणजे शमेवर झेप घेणारा पतंगही. त्याचे पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे.) आपण पैसे मोजून गेम ‘विकत’ घेतो, तेव्हा बहुतेक वेळा मालकी मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम चालेनासा झाला. त्यातूनच युरोपात ग्राहकांची मोहीम उभी राहिली. २०२५मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच आला की, ग्राहकाला परवानाच मिळणार असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या मुलांनी हे वेगळ्या वाटेने अनुभवले आहे. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर सर्व्हरही थांबले. जुलै २०२१मध्ये तो खेळ बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२मध्ये ॲप स्टोअरवरून गेला, मे २०२३मध्ये परतला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण मुलांना एक धडा त्यातून मिळाला. जे दूरच्या सर्व्हरवर आहे, ते आपल्या हातात दिसते खरे, पण हातात नसते.

परवाना माणसे देत नाही

मूनलाइटचे कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. ते चित्र वाहून आणते. गेमची मालकी मिळवून देत नाही. ‘द क्रू’ला ते वाचवू शकले नसते. शिवाय घरात दमदार संगणक असेल, तरच त्याचा उपयोग. ज्या घरात एकच मोबाइल तीन भावंडांत फिरतो, त्या घराला ते काही देत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. मुक्त परवाना दुरुस्तीचा हक्क देतो. दुरुस्ती करणारी माणसे तो देऊ शकत नाही. असे कितीतरी प्रोग्राम सांभाळायला कुणी उरले नाही म्हणून मेले. आणि गूगलने स्टेडिया मिटवताना शेवटचे एक चांगले अपडेट दिले होते, हेही नोंदवले पाहिजे. त्यामुळे लोकांकडचे कंट्रोलर ब्लूटूथवर इतरत्र चालू लागले, कचऱ्यात गेले नाहीत. म्हणजे कंपनी वाईट आणि समूह चांगला, अशी सरळ वाटणी इथे नाही. प्रश्न एवढाच की, निर्णय कुणाच्या मर्जीवर अवलंबून आहे?

हा प्रश्न खेळापुरता नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी आणि उर्दूत टाइप केलेला कितीतरी मजकूर त्या त्या फॉन्टच्या पेटीत बंद आहे. स्मरणिका, कवितासंग्रह, मदरशांचे आणि शाळांचे अहवाल. फॉन्ट हाताशी नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. तिथेही मजकूर आपला होता आणि किल्ली दुसऱ्याकडे.

‘गेम खेळू नका’ हे आम्ही शिक्षक मुलांना सांगतच असतो. ती ऐकत नाहीत. त्यापेक्षा ‘हा खेळ तुझ्यापर्यंत येतो कसा?’ असे विचारले, तर काही मुले थांबतात. मूनलाइटचा प्रत्येक शब्द, प्रत्येक ओळ कुणालाही उघडून वाचता येते. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यालाही काम आहे. अशा ॲपमधली वाक्ये वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि कुणीही ती आपल्या भाषेत आणू शकतो. नववीतल्या मुलाला ‘सेटिंग्ज’ला चपखल मराठी शब्द शोधायला सांगा. त्याला भाषाही कळेल आणि यंत्रही.

२०१३मध्ये ज्यांनी ती पेटी उघडली, तेही विद्यार्थीच होते. आपल्या वस्त्यांमधल्या मुलांकडे मोबाइल पोहोचला आहे. पेटी उघडून पाहण्याची सवय पोहोचवणे अजून बाकी आहे, आणि ते काम कोणतेही अपडेट आपोआप करणार नाही.