प्लूटोविषयक बालसाहित्य

प्लूटोविषयक बालसाहित्य म्हणजे प्लूटो हा बटुग्रह, त्याचा शोध, त्याचे नामकरण आणि सूर्यमालेतील त्याचे स्थान यांवर मुलांसाठी लिहिलेली पुस्तके होत. यात माहितीपर पुस्तके, चित्रकथा, चरित्रे आणि काही कादंबऱ्या यांचा समावेश होतो. हे लेखन प्रामुख्याने इंग्रजी भाषेत आणि अमेरिकेत झाले आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रह ठरवले. त्यानंतर या विषयावरील पुस्तकांची संख्या वाढली व त्यांचे स्वरूपही बदलले. विज्ञानातील एखादी मान्य गोष्ट का बदलते, हे लहान वाचकाला समजावून सांगणे हा या पुस्तकांचा मध्यवर्ती विषय बनला.

पार्श्वभूमी

प्लूटोचा शोध क्लाइड टॉम्बॉ यांनी १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत लावला. शोधाची घोषणा १३ मार्च १९३० रोजी झाली. सूर्यापासून प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे ५.९ अब्ज किलोमीटर असून त्याला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे २४८ वर्षे लागतात. शोध लागल्यापासून त्याची एकही प्रदक्षिणा पूर्ण झालेली नाही. ती २१७८ च्या सुमारास पूर्ण होईल. मुलांच्या पुस्तकांत ही माहिती वारंवार आढळते.

प्लूटोचा बालवाचकांशी असलेला संबंध त्याच्या नावापासूनच सुरू होतो. हे नाव इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे राहणाऱ्या व्हेनेशिया बर्नी या ११ वर्षांच्या मुलीने सुचवले. रोमन पुराणकथांतील पाताळाच्या देवाचे हे नाव अंधाऱ्या व दूरच्या जगाला शोभेल, असे तिला वाटले. तिचे आजोबा फाल्कनर मॅडन हे बॉडलियन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांनी ही सूचना खगोलशास्त्रज्ञ हर्बर्ट हॉल टर्नर यांना कळवली आणि टर्नर यांनी ती तारेने लॉवेल वेधशाळेकडे पाठवली. नावातील पहिली दोन अक्षरे वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांच्या नावाची आद्याक्षरे होती, हाही एक योग जुळून आला.

२००६ पूर्वीची पुस्तके

शोधानंतरच्या सात दशकांत मुलांच्या खगोलविषयक पुस्तकांत प्लूटो हा नववा व शेवटचा ग्रह म्हणून येत असे. त्याच्याविषयी ठाऊक असलेली माहिती थोडी असल्यामुळे त्याच्या वाट्याला येणारा मजकूरही थोडा असे. १९७८ मध्ये शॅरन या उपग्रहाचा शोध लागेपर्यंत प्लूटोचे वस्तुमान अचूकपणे मोजता आले नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा आकार मंगळाच्या जवळपास असावा असे अनुमान होते. शॅरनच्या कक्षेवरून केलेल्या गणितानंतर प्लूटो पृथ्वीच्या चंद्राहूनही लहान असल्याचे स्पष्ट झाले. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, तर चंद्राचा ३,४७४ किलोमीटर आहे.

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'हॅव स्पेस सूट – विल ट्रॅव्हल' (१९५८) या किशोर कादंबरीतील कथानकाचा काही भाग प्लूटोवर घडतो. त्या काळातील कल्पित साहित्यात प्लूटो हे सूर्यमालेच्या सीमेवरील गोठलेले ठाणे म्हणून येते. जोआना कोल यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस डेगन यांनी चित्रे काढलेल्या 'द मॅजिक स्कूल बस लॉस्ट इन द सोलर सिस्टिम' (१९९०) या पुस्तकात शाळेची बस एकेका ग्रहाला भेट देत प्लूटोपर्यंत पोहोचते. टिश राबे यांच्या 'देअर्स नो प्लेस लाइक स्पेस!' (१९९९) या यमकबद्ध पुस्तकातही मूळ आवृत्तीत नऊ ग्रह होते. पुढील आवृत्तीत ते आठ करण्यात आले.

मुलांची पत्रे

ग्रहांच्या यादीविषयीचा वाद २००६ पूर्वीच सुरू झाला होता. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांनी नेपच्यूनच्या पलीकडे एक लहान बर्फाळ वस्तू शोधली. त्यानंतर तशा अनेक वस्तू सापडत गेल्या. या प्रदेशाला कायपरचा पट्टा म्हणतात. प्लूटो हा एकाकी ग्रह नसून या पट्ट्यातील अनेक वस्तूंपैकी एक आहे, असे मत त्यामुळे बळावले.

न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयाचे नवे खगोलदालन २००० मध्ये उघडले. तेथे प्लूटोची मांडणी ग्रहांबरोबर न करता कायपरच्या पट्ट्यातील वस्तूंबरोबर केलेली होती. जानेवारी २००१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्यानंतर तेथील तारांगणाचे संचालक नील डिग्रास टायसन यांच्याकडे शाळकरी मुलांची पत्रे येऊ लागली. अनेक मुलांनी रागाने प्लूटोला परत ग्रह करण्याची मागणी केली होती. टायसन यांनी 'द प्लूटो फाइल्स' (२००९) या प्रौढांसाठीच्या पुस्तकात यांपैकी काही पत्रे छापली आहेत. वॉल्ट डिस्ने यांच्या व्यंगपटांतील प्लूटो हा कुत्रा १९३१ पासून याच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील मुलांना प्लूटोविषयी वाटणाऱ्या आपुलकीमागे हेही एक कारण असल्याचे टायसन यांनी नोंदवले आहे.

२००६ नंतरची पुस्तके

२००५ मध्ये माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड राबिनोविट्झ यांनी प्लूटोएवढ्याच आकाराच्या एरिसच्या शोधाची घोषणा केली. एरिसला दहावा ग्रह म्हणायचे की प्लूटोला यादीतून काढायचे, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. २००६ मध्ये प्राग येथे झालेल्या अधिवेशनात खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या मतदानाने संमत केली. या व्याख्येनुसार ग्रह सूर्याभोवती फिरणारा असावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा. प्लूटो पहिल्या दोन अटी पूर्ण करतो, तिसरी करत नाही.

या निर्णयामुळे शाळांतील तक्ते, कोश आणि मुलांची पुस्तके एकाच वेळी कालबाह्य झाली. त्यानंतर आलेली पुस्तके ढोबळमानाने तीन प्रकारांत मोडतात.

माहितीपर पुस्तके

एलेन स्कॉट यांचे 'व्हेन इज अ प्लॅनेट नॉट अ प्लॅनेट?' (२००७) हे पुस्तक ग्रह या शब्दाचा अर्थ प्राचीन काळापासून कसा बदलत गेला हे सांगते. एलिझाबेथ रश यांचे 'द प्लॅनेट हंटर' (२००७) हे माइक ब्राउन यांच्या शोधकार्यावर आधारित आहे. कॅथलीन कुडलिन्स्की यांच्या 'बॉय, वेअर वी राँग अबाउट द सोलर सिस्टिम!' (२००८) या पुस्तकात सूर्यमालेविषयीच्या चुकीच्या ठरलेल्या कल्पनांचा इतिहास असून प्लूटोचे प्रकरण त्या मालिकेतील एक दुवा म्हणून येते.

डेव्हिड ॲग्विलार यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यांच्या '११ प्लॅनेट्स' (२००८) या पुस्तकात आठ ग्रहांबरोबर सेरेस, प्लूटो आणि एरिस या बटुग्रहांना स्थान आहे. त्याच वर्षी हौमिआ आणि माकीमाकी यांनाही बटुग्रह म्हणून मान्यता मिळाली व २०११ मध्ये याच लेखकाचे '१३ प्लॅनेट्स' प्रसिद्ध झाले. मेरी के कार्सन यांचे 'मिशन टू प्लूटो' हे पुस्तक न्यू होरायझन्स यानाच्या मोहिमेवर असून त्यात मोहिमेवरील शास्त्रज्ञांच्या प्रत्यक्ष कामाचे वर्णन आहे.

चित्रकथा

चित्रकथांत प्लूटोला चेहरा, भावना व बोलण्याची शक्ती दिलेली असते. मार्गारेट वाइटेकॅम्प आणि डेव्हिड डेव्हॉर्किन यांच्या 'प्लूटोज सीक्रेट' (२०१३) या पुस्तकातील प्लूटो आपल्या वर्गीकरणाबाबत निश्चिंत आहे. माणसांनी त्याला काय म्हणावे याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बदलते ते माणसांचे ज्ञान. दोन्ही लेखक वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाचे अभिरक्षक होते.

स्टेफ वेड यांच्या 'अ प्लेस फॉर प्लूटो' (२०१८) या कथेत ग्रहांतून वगळलेला प्लूटो धूमकेतू, लघुग्रह व उल्काभ यांच्यात आपली जागा शोधतो आणि शेवटी इतर बटुग्रहांमध्ये सामावला जातो. ॲडम रेक्स यांच्या 'प्लूटो गेट्स द कॉल' (२०१९) मध्ये शास्त्रज्ञांच्या दूरध्वनीने खट्टू झालेला प्लूटो वाचकाला सूर्यमालेची सफर घडवतो. स्टेसी मॅकनल्टी यांच्या 'प्लूटो!' (२०२३) या पुस्तकात प्लूटो स्वतःची ओळख अभिमानाने करून देतो.

चरित्रपर पुस्तके

ॲलिस मॅक्गिन्टी यांचे 'द गर्ल हू नेम्ड प्लूटो' (२०१९) हे व्हेनेशिया बर्नी यांच्यावरील चित्रपुस्तक आहे. बर्नी यांचे २००९ मध्ये निधन झाले. न्यू होरायझन्स यानावरील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या धूलिकण मोजणाऱ्या उपकरणाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. याच यानावर क्लाइड टॉम्बॉ यांच्या अस्थींचा काही अंशही ठेवलेला आहे.

चित्रांकन

न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ रोजी निघाले, त्या वेळी प्लूटो ग्रह होता. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून गेले, तेव्हा तो बटुग्रह झालेला होता. त्यापूर्वी प्लूटोची उपलब्ध छायाचित्रे अतिशय अस्पष्ट होती. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील राखाडी किंवा निळसर, विवरांनी भरलेला प्लूटो हा चित्रकारांच्या कल्पनेतील होता. यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत तांबूस-तपकिरी पृष्ठभाग, उंच हिमपर्वत आणि हृदयाच्या आकाराचा फिकट प्रदेश दिसला. या प्रदेशाला टॉम्बॉ यांचे नाव दिले असून त्याच्या पश्चिम भागात नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान आहे. नंतरच्या चित्रपुस्तकांत हा हृदयाकार ठिपका प्लूटोची खूण म्हणून वापरला जाऊ लागला.

अंतरांचे प्रमाण दाखवणे ही या पुस्तकांपुढील कायमची अडचण आहे. सूर्य आणि पृथ्वी यांतील अंतर पानावर १ सेंटिमीटर घेतले, तर प्लूटो सरासरी ३९.५ सेंटिमीटरवर दाखवावा लागतो आणि त्याच प्रमाणात पृथ्वीचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी होतो. म्हणून छापील चित्रात आकार व अंतर एकाच प्रमाणात दाखवता येत नाहीत. काळजीपूर्वक तयार केलेल्या पुस्तकांत चित्र प्रमाणबद्ध नसल्याची सूचना दिलेली असते.

मांडणीतील मर्यादा

प्लूटो 'फार लहान' असल्यामुळे ग्रहपदावरून काढला गेला, असे सुलभ स्पष्टीकरण मुलांना अनेकदा दिले जाते. २००६ च्या व्याख्येत आकाराची कोणतीही किमान मर्यादा नाही. ४,८७९ किलोमीटर व्यासाचा बुध हा गुरूच्या ५,२६८ किलोमीटर व्यासाच्या गॅनिमीड या उपग्रहाहून लहान असूनही ग्रह आहे. निर्णायक ठरली ती कक्षेचा परिसर मोकळा करण्याची अट. ही अट चित्रातून समजावणे कठीण असल्याने ती बहुधा गाळली जाते.

मानवीकरण केलेल्या कथांत वर्गीकरणातील बदल हा अपमान किंवा हकालपट्टी म्हणून रंगवला जातो. त्यामुळे मुलांना विषयाविषयी जवळीक वाटते. परंतु शास्त्रज्ञांनी प्लूटोवर अन्याय केला असाही समज होऊ शकतो. असा बदल इतिहासात पूर्वीही झाला आहे. १८०१ मध्ये शोधलेला सेरेस काही दशके ग्रह म्हणून गणला जात होता. तशाच अनेक वस्तू सापडल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची गणना लघुग्रहांत होऊ लागली आणि २००६ मध्ये तो बटुग्रह ठरला. सेरेसचा दाखला देणाऱ्या पुस्तकांत प्लूटोची कथा अपवाद न राहता वर्गीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियेचा भाग म्हणून समजते. २००६ ची व्याख्या सर्व शास्त्रज्ञांना मान्य नाही आणि न्यू होरायझन्स मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न हे तिचे ठळक विरोधक आहेत, ही बाबही या संदर्भात महत्त्वाची ठरते.

मराठी परिभाषा आणि नवग्रह

मराठीत प्लूटोसाठी मूळ नावच रूढ आहे. हिंदी व इतर काही भारतीय भाषांत त्यासाठी मृत्युदेवतेवरून 'यम' हा शब्दही वापरला जातो. नव्या वर्गासाठी मराठीत 'बटुग्रह' ही संज्ञा वापरली जाते. 'बटू' या शब्दाला मुंज झालेल्या मुलाचा आणि वामनावताराचा संदर्भ असल्याने या संज्ञेत हीनत्वाची छटा नाही.

मराठी बालवाचकांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ संभवतो. भारतीय परंपरेतील नवग्रहांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू व केतू यांचा समावेश होतो. त्यांत पृथ्वी, युरेनस, नेपच्यून व प्लूटो नाहीत. १९३० ते २००६ या काळात आधुनिक खगोलशास्त्रातील ग्रहांची संख्याही नऊच असल्यामुळे या दोन याद्या एकच असल्याचा समज होऊ शकतो. प्लूटोच्या वर्गीकरणातील बदलाचा पारंपरिक नवग्रहांशी काहीही संबंध नाही. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत आता सूर्यमालेतील आठ ग्रह शिकवले जातात.