व्हर्दून ते वरोरा : परदेशी स्वयंसेवकांनी आनंदवनात नेमके काय बांधले?

१/ कासवांच्या अंड्यांवर पहारा देण्यासाठी कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर जाणारे तरुण आज अपरिचित राहिलेले नाहीत. अशा परदेशी सेवेविषयी एक प्रश्न वारंवार विचारला जातो : तिचा खरा लाभ कोणाला, यजमानाला की पाहुण्याला? या प्रश्नाचे एक जुने आणि काहीसे अनपेक्षित उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ सापडते.

२/ कथेचा आरंभ मात्र फ्रान्समध्ये आहे. १९२० च्या हिवाळ्यात व्हर्दूनच्या रणभूमीजवळील एका उद्ध्वस्त खेड्यात एक लहान तुकडी घरे उभारण्यासाठी दाखल झाली. तिचा प्रमुख होता पिएर सेरेझोल हा स्विस अभियंता. त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलाने मात्र लष्करी कर भरण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला होता.

३/ या तुकडीत जर्मन तरुणही होते. ज्यांच्या सैन्याने गाव बेचिराख केले, त्यांच्याच देशबांधवांनी ते पुन्हा बांधावे, ही सेरेझोलची कल्पना. विरोध वाढला आणि १९२१ च्या वसंतात काम थांबवावे लागले. शिबिर अपुरे राहिले. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची चळवळ उभी राहिली.

४/ भारताशी तिचा संबंध जुना आहे. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोमां रोलां यांच्या भेटीसाठी स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा सेरेझोल त्यांना भेटला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर सेरेझोल काही सहकाऱ्यांसह तेथे आला आणि राजेंद्र प्रसादांच्या मदतकार्याला जोडून घेत खेडी वसवू लागला.

५/ आता वरोऱ्याकडे वळू. १९५० च्या सुमारास चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याचाच जंगलव्याप्त पूर्वभाग होता. (गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.) वकिली सोडलेले मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ जमिनीवर मोजक्या कुष्ठरुग्णांसह वस्ती मांडली. तेच आनंदवन.

६/ कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्येच शोधला होता. १९४० च्या दशकात डॅप्सोन वर्गातील औषधे उपयोगात आली. बाबांनी स्वतः कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या उपचारांचे शिक्षण घेतले. रोग आटोक्यात येण्याची वाट दिसत होती. समाजाची नजर मात्र १८९८ च्या कायद्याचीच होती. त्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णाला पकडून कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती.

७/ रुग्णांनी खडक फोडला, विहिरी खणल्या, शेती पिकवली. लवकरच स्वतःच्या गरजेपेक्षा अधिक भाजी निघू लागली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती विकत घेण्यास कोणी धजेना. कुष्ठरुग्णाच्या हातची भाजी घरात कशी आणायची, हा प्रश्न होता. आनंदवनाला आता दयेपेक्षा गिऱ्हाईक हवे होते, आणि तेच मिळत नव्हते.

८/ या टप्प्यावर, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक आनंदवनात आले. आनंदवनाच्या आठवणींमध्ये ३६ देश आणि सुमारे ५० तरुण असा आकडा सांगितला जातो. काही महिने ते तेथेच राहिले. रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी माती वाहिली, भिंती रचल्या आणि त्याच वस्तीतले अन्न खाल्ले.

९/ वरोऱ्यातील लोक प्रथम कुतूहलापोटी पाहू लागले. सातासमुद्रापलीकडून आलेली निरोगी तरुण मुले-मुली कुष्ठरुग्णांसोबत जेवतात, तेथेच झोपतात आणि तरीही त्यांना काही होत नाही, हे दृश्य कोणत्याही आरोग्यविषयक व्याख्यानाहून प्रभावी ठरले. कुंपणाबाहेरून पाहणारे हळूहळू आत येऊ लागले आणि आनंदवनाच्या भाजीला बाजारात गिऱ्हाईक मिळू लागले.

१०/ येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. साधनाताई आमटे आणि १९४७ व १९४८ मध्ये जन्मलेली विकास व प्रकाश ही मुले परदेशी पाहुण्यांच्या आधीपासून त्याच वस्तीत राहत होती. म्हणजे पुरावा गावाच्या डोळ्यांसमोरच होता, पण गावाने तो मोजला नाही. पाहुण्यांचा मात्र तत्काळ मोजला.

११/ याचे कारण सुखावणारे नाही. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षेही झाली नव्हती. गोऱ्या माणसाच्या कृतीला आपोआप मिळणारे वजन अजून ओसरले नव्हते. शिवाय आमटे कुटुंबाला बहुधा ‘वेगळीच माणसे’ म्हणून बाजूला ठेवणे सोपे होते. स्वयंसेवकांच्या येण्याने गावाचे भय कमी झाले, हे खरे. गावाचा विश्वास कोणावर बसतो, हेही त्याने उघड केले.

१२/ म्हणून श्रेयाचे वाटप जपून करावे लागते. पाहुण्यांनी उभारलेल्या भिंती रुग्णांनाही उभारता आल्या असत्या; पुढे आनंदवनातील इमारतींमागून इमारती त्यांनी उभारल्याच. जे रुग्णांना एकट्याने साधणे शक्य नव्हते, ते एवढेच : आपल्या शेजारी निर्भयपणे बसलेला एक तिऱ्हाईत साक्षीदार. स्वयंसेवकांनी दिली ती ही साक्ष.

१३/ तिचा पुढचा उपयोग आनंदवनाने स्वतः केला. १९६४ मध्ये तेथे आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्या वस्तीतली भाजी घरात येत नव्हती, त्याच वस्तीत आता वरोऱ्याची मुले शिकण्यासाठी जाऊ लागली. परदेशी शिबिर संपून गेले. महाविद्यालयाने मात्र गावाची ये-जा कायमची केली.

१४/ शिबिराची कल्पनाही येथील मातीत रुजली. मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पावर दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली आणि महाराष्ट्रभरातील तरुण तेथे जमू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात, हेमलकसा येथे, माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तेथे जाऊन राहिलेले अनेक कार्यकर्ते याच प्रवाहातून आले.

१५/ पुन्हा कासवांकडे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने सागरी कासवांची घरटी राखली जातात. पहारा गावकरी देतात. बाहेरचे लोक पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात आणि गावातल्या घरांत मुक्काम करतात. पाहुण्याच्या येण्याने गावातल्या कामाला गावाच्याच नजरेत मोल येते.

१६/ पाहुण्याने किती विटा रचल्या वा किती घरटी राखली, या हिशोबाने अशा सेवेचे मोल ठरत नाही. तो परतल्यानंतर यजमानाच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या नात्यात काय उरते, हे पाहावे लागते. वरोऱ्यात उरली ती बाजाराची वाट, आणि पुढे तिच्यावरून शाळकरी वयाची पिढी कॉलेजात गेली.