काटकसर कुणाची? सोलापूरच्या गिरणगावातील वाणसामानाचा इतिहास

मराठीत घरखर्चाविषयी जे लेखन झाले, त्यात ‘काटकसर’ हा शब्द बहुधा सद्गुण म्हणून येतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०), किर्लोस्करवाडीहून १९३० साली सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) या परंपरेत मराठी गृहिणीचे एक चित्र हळूहळू तयार झाले. ही गृहिणी साक्षर आहे. तिच्या घरात ठरावीक तारखेला पगार येतो आणि स्वयंपाकघरात डबे ओळीने मांडलेले असतात. किती आणायचे, किती पुरवायचे, उरलेल्याचे काय करायचे, हे तिच्या हाती असते. ही परंपरा मोलाची आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. मात्र ज्या घरात डबे भरण्याइतका पैसा एकदम कधी येतच नाही, त्या घरातील काटकसरीला या लेखनात जागा नाही. ती शोधायची तर वाङ्मयाबाहेर जावे लागते. सोलापूर हे त्यासाठी योग्य शहर आहे.

मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही गिरणी उभी राहिली. हीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. नंतर नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या आल्या. दुष्काळाने जमिनीवरून उठवलेले शेतकरी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे असा बहुभाषिक गिरणगाव वसला. या कुटुंबांनी आपल्या घरखर्चाविषयी फारसे लिहून ठेवले नाही. त्यांच्याविषयी लिहिले ते सरकारने. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२५ साली सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची पाहणी केली. तिचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध झाला. पुढे फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हे वर्ष पाया धरून सोलापूरच्या श्रमिकांसाठी राहणीमान-खर्चाचा निर्देशांक काढला जाऊ लागला. ज्वारी, डाळ, तेल, गूळ, सरपण यांचे भाव अशा रीतीने शासकीय दप्तरात आले.

साहित्याच्या अभ्यासकाने अशा अहवालाकडे एक संहिता म्हणून पाहावे, असे आम्हाला वाटते. तिच्या रचनेतच एक भूमिका असते. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडलेला नियम अशा सर्व पाहण्यांच्या मुळाशी आहे. म्हणून अन्न, इंधन व दिवाबत्ती, कपडे, घरभाडे आणि उरलेले ‘किरकोळ’ अशी विभागणी होते. साबण, न्हावी, पान-सुपारी, औषध हे साधारणपणे या किरकोळात जातात. जे विकत घेतले ते मोजले जाते. जे विकत घ्यावे लागू नये म्हणून घरातील बाई राबली, ते मोजण्यासाठी मात्र रकानाच नसतो. काटकसरीचा बहुतांश इतिहास या नसलेल्या रकान्यात आहे.

प्रथम धान्याचा विचार करू. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा. मालदांडी या स्थानिक वाणातून मोहोळच्या केंद्रात निवडलेले ‘एम-३५-१’ हे वाण पुढे दख्खनभर पसरले. सुगी झाली की भाव उतरतात. तेव्हा वर्षाची ज्वारी घ्यावी, तूरडाळीला उन्ह दाखवावे, कडुनिंबाचा पाला घालून धान्य कणगीत भरावे, उन्हाळ्यात पापड-कुरड्या-सांडगे करून ठेवावेत, ही ‘बेगमी’ची पद्धत. घरखर्च वाचवण्याचा याहून शहाणा मार्ग नाही. पण बेगमीला भांडवल लागते, आणि धान्य ठेवायला कोरडी जागाही लागते. एका खोलीत राहणाऱ्या कामगाराकडे दोन्ही नव्हते. त्याला सुगीतही शेर-दोन शेरच घ्यावे लागत आणि चढत्या भावातही तितकेच. त्यातही रोकड नसली की वाण्याकडे खाते. उधारीच्या गिऱ्हाइकाला भावाची घासाघीस करता येत नाही, मापाबद्दल बोलता येत नाही आणि दुकानही बदलता येत नाही. गरिबाला तीच ज्वारी महाग पडते ती अशी.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजेच व्हिटली आयोगाने, असा अंदाज नोंदवला की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे. रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज हा दर सर्रास होता. वर्षाला तो शेकडा ७५ पडतो. ज्याच्या डोक्यावर असे व्याज आहे, त्याला ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? त्याचे अंथरूणच सावकाराकडे गहाण पडलेले असते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांत आणि लहानांना सात दिवसांत पगार देणे बंधनकारक केले. उधारीचे दिवस त्यामुळे काही प्रमाणात कमी झाले. हजारो घरांच्या वाणसामानावर या एका कलमाचा जो परिणाम झाला असेल, तो काटकसरीच्या कोणत्याही उपदेशाने झाला नसता, असे आमचे मत आहे.

आता नसलेल्या रकान्याकडे वळू. ‘गिरणी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत: कापडाची आणि पिठाची. सोलापुरात हे दोन्ही अर्थ एकाच घरात भेटतात. जात्यावर दळले तर दळणाचे पैसे वाचतात, पण पहाटेची झोप जाते. जी बाई सकाळच्या भोंग्याला कापडाच्या गिरणीत हजर व्हायची, तिला पिठाच्या गिरणीला पैसे मोजणे भाग होते. जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास आपण आवडीने करतो आणि जाते गेले म्हणून हळहळतो. पण ओवीमागे एक हिशेब होता, आणि त्यात बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली होती, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

कडक भाकरीचेही असेच. पातळ थापून, भाजून, वाळवलेली ही भाकरी पुष्कळ दिवस टिकते. एकदा चूल पेटवून अनेक वेळांचे भागते, म्हणजे सरपण वाचते. आमटीत कुस्करली की पोट भरते. उखळात कुटलेली शेंगाचटणी असली की भाजी नसली तरी चालते. आज या दोन्ही गोष्टी ‘सोलापूरची खासियत’ म्हणून आकर्षक पाकिटांतून विकल्या जातात. गरजेतून निघालेल्या युक्तीला चवीची प्रतिष्ठा मिळाली, ही आनंदाचीच बाब आहे.

घरस्वच्छतेचा इतिहास तर याहून बोलका आहे. भांडी चुलीच्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासायची, जमीन शेणाने सारवायची, डोके शिकेकाई-रिठ्याने धुवायचे, कपडे सोड्यात उकळायचे. यातील बराचसा भाग फुकट, किंवा फुकट वाटणारा. राख ही सरपणाचा उरलेला भाग होती. घरात रॉकेलचा स्टोव्ह आला, पुढे गॅस आला आणि डोळ्यांतला धूर गेला. त्याचबरोबर राखही गेली, आणि भांड्यांची पावडर विकत आणावी लागली. मातीच्या जमिनीवर शहाबादी फरशी बसली. सारवण सुटले, तरी फरशी पुसायला पाणी आणि फिनेल लागू लागले. ज्या शहराने अनेक वर्षे दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणारे नळाचे पाणी साठवून वापरले, तेथे पाण्याचा हा खर्च लहान नव्हे. म्हणजे सोय वाढली की एक खर्च जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. १९५९ साली ‘सर्फ’ आले, १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ स्वस्तात विकायला घेतली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या ललिताजींनी स्वस्त आणि किफायतशीर यांतला फरक देशाला समजावला. तो फरक खरा आहे. परंतु तो पाळायचा तर हातात चार पैसे अधिक असावे लागतात, आणि बेगमीपाशी भेटलेली अडचण येथे पुन्हा भेटते.

या अडचणीवर एकट्या घराने उपाय काढणे अवघड होते, म्हणून तो सामूहिकपणे शोधला गेला. सोलापुरातील गिरण्यांनी महागाईच्या काळात कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची पद्धत पाडली होती. पण मालकाने दिलेली सवलत मालकाच्या हाती राहते. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेला ‘अपना बाजार’ हा वेगळा मार्ग होता. तेथे घाऊक खरेदीचा फायदा सभासदांचाच. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेल्या मिलोच्या भाकरी खाऊन महाराष्ट्राने दिवस काढले. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतली. काटकसरीचे साधन मागणीचे साधन झाले. त्यानंतर बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात आणि १९७५ पासून मुंबईत ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यांच्या गटांना एकत्र खरेदी शिकवली. एका घराला न जमणारी बेगमी दहा घरांना मिळून जमते, इतके साधे तत्त्व त्यामागे होते.

सोलापूरची जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली. सरकारने १९५० साली वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरील तो खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. पगार थांबलेल्या त्या महिन्यांत वाण्यांच्या वह्यांत काय लिहिले गेले, ते मात्र कुणी वाचत नाही. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली आणि घर चालवण्याचा भार पुष्कळदा विडी वळणाऱ्या बाईवर आला. तिची मजुरी नगावर ठरते, म्हणून तिच्या काटकसरीचे एककही वेगळे: अमुक हजार विड्या म्हणजे इतकी ज्वारी, इतके तेल. कुंभारीला २००६ साली विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. हक्काचे घर मिळणे म्हणजे भाडे वाचणे, आणि धान्य साठवायला कोरडा कोपरा मिळणेही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण या वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरांत उधारीच्या वह्या, रेशनकार्डे, वाणसामानाच्या याद्या, भिशीचे हिशेब अजून सापडतात, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतले काही रद्दीत जाते. मराठी विभागांनी पोथ्या आणि पत्रे जपली. याच आस्थेने या वह्याही जपाव्यात, आणि ज्यांनी वह्या ठेवल्या नाहीत त्या बायकांचे हिशेब त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच मराठी-तेलुगू-कानडीत उतरवून घ्यावेत. हे काम आता झाले नाही तर काटकसरीचा आपला इतिहास भरलेल्या डब्यांचाच राहील.