बुळकांडी आणि डोंगरातला गोठा

गुरांच्या दवाखान्याचे यश बऱ्या झालेल्या जनावरांवर मोजतात. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ते लस टोचलेल्या निरोगी जनावरांवर मोजायला हवे. गुरांच्या बुळकांडी या जीवघेण्या साथरोगावर खात्रीचे औषध कधीच नव्हते. 1889 मध्ये पुण्यात निघालेली जनावरांच्या रोगांची संशोधन प्रयोगशाळा 1893 मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली. देशव्यापी लसीकरण मोहीम मात्र 1954 मध्येच उभी राहिली, भोर संस्थान विलीन झाल्यावर सहा वर्षांनी. दुर्गम वाड्यांना डोंगरच राखत होता, असा आक्षेप येईल. पण रोग संसर्गाचा. बाजारातून आणलेला एक बाधित बैल गोठ्यात शिरला की तो आडोसा संपलाच. आणि भर पावसात आजारी गाय घाट उतरवून न्यायची कशी? लसच गोठ्यापर्यंत जायला हवी होती. 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. 2022 मध्ये महाराष्ट्रात गुरांचा लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हाही शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचूनच साथ रोखावी लागली.