'पेक्कावी' : न लिहिलेला खलिता

ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये कोरले की त्याला भारदस्तपणा येतो, अशी इंग्रजांची दृढ समजूत. मुंबई नगरीला त्यांनी 'ऊर्ब्स प्रीमा इन इंडिस', म्हणजे 'हिंदुस्थानातील पहिले नगर', हे बिरुद दिले. कंपनी सरकारच्या तांब्याच्या पाव आण्यावरही 'इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आश्रयाने' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद असे. नाणे सर्वांच्या हाती. अक्षरे वाचणारा विरळा!

लॅटिनची आणखी एक सोय म्हणजे आटोपशीरपणा. संस्कृतात 'अगमम्' या एका पदात 'मी गेलो' हा सारा अर्थ सामावतो. कर्त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही. लॅटिनचेही तसेच. 'मी पाप केले आहे' याला तिथे एकच शब्द पुरतो : 'पेक्कावी'.

या शब्दाभोवती एक दंतकथा गुंफली गेली. १८४३ साली मियानी व दाबो येथे तालपूर मीरांचा पराभव करून सर चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि ती वार्ता गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यास या एका शब्दात कळविली, असे कित्येक पुस्तकांत आढळते. खुबी अशी की, त्याचे इंग्रजी भाषांतर 'आय हॅव सिन्ड' कानाला 'आय हॅव सिंध', म्हणजे 'सिंध माझ्या हाती आला', असे ऐकू येते. श्लेष लॅटिनमध्ये नाहीच; तो उलट भाषांतरात आहे.

प्रत्यक्षात नेपियरने असा खलिता पाठविलाच नाही. ही कोटी कॅथरिन विंकवर्थ या शाळकरी मुलीची. मे १८४४ मध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकात ती छापली गेली, तेव्हा कॅथरिनचे वय होते सोळा. पुढे जर्मन स्तोत्रांची इंग्रजी भाषांतरकार म्हणून तिने नाव मिळविले. थट्टेचा मात्र इतिहास झाला.

आणि खरा कबुलीजबाब मागे पडला. सिंध घेण्याचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण तो घेणारच, आणि ही लबाडी फायद्याची ठरेल, अशा आशयाचे नेपियरने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवले होते. तेही लढाईपूर्वी, साध्या इंग्रजीत. पुढे १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तसाच राहिला. जोडताना तिथल्या रयतेला कोणी विचारले नाही. सीमाभागातल्या आपल्याला याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

वर्गात 'पेक्कावी'ची गोष्ट अवश्य सांगावी. मुले हसतात, शब्द लक्षात राहतो. पण त्याच तासाला रोजनिशीतली नोंदही सांगावी.